बिनपाण्याची तपासणी

चौसाळ्याच्या सहकारी कारखान्यात तीनचाकी टेम्पोच्या डिझेल टाक्या बनत. बावीस सभासद, त्यात नऊ बाया. पत्रा कापायचा, वाकवायचा, वेल्डिंग मारायचं आणि शेवटी टाकी हौदात बुडवून आत हवा भरायची. बुडबुडा आला की टाकी गळकी. ते बघायचं काम केसरबाईचं. तिनं पास केलेली टाकी औरंगाबादजवळच्या मोटार कंपनीतून कधी परत आली नव्हती.

२०१६च्या मार्चात हौदाला पाणी मिळेना. बीडहून हुकूम आला, टँकर फक्त पिण्यासाठी. चेअरमन कल्याणराव तो कागद घेऊन फिटर गुंडप्पाकडं आले.

"गुंडप्पा, आता कसं करावं?"

"कंपनीला आठ दिस थांबा म्हणा, अण्णा."

गुंडप्पानं पंक्चरवाल्याकडून हवा मोजायचा जुना काटा आणला. टाकीची तोंडं रबरी बुचांनी बंद करायची, हवा भरायची, कॉक फिरवून ती आत कोंडायची आणि काट्याकडं बघत बसायचं. काटा उतरला की गळती. पहिल्याच दुपारी काटा उलटा चढायला लागला.

"भाऊ, ही तर फुगायलीय!" केसरबाई हसली.

छपराच्या पत्र्यांखाली टाकीतली हवा तापत होती. मग त्यांनी लिंबाच्या सावलीत ताडपत्री बांधली आणि सकाळच्या गारव्यात तपासणी ठेवली. भोक नेमकं कुठं आहे ते शोधायला तांब्याभर पाण्यात साबणाचा फेस करून सांध्यांना फासला की झालं. हौदात दिसलं नसतं असं सुईच्या टोकाएवढं भोकही काट्यानं धरलं. केसरबाई दिवसभर तेच सांगत फिरली.

एप्रिलात कंपनीचे खरेदीचे साहेब आले. तासभर उभं राहून त्यांनी सगळं बघितलं, फोटो काढले, गुंडप्पाच्या पाठीवर थाप मारली. "एवढ्या कमी सामानात! आमच्या इंजिनियरांना दाखवायला पाहिजे."

कल्याणरावांनी पेढे मागवले. साहेबांनी पेढा हातातच धरून ठेवला.

"एक सांगायचं होतं. कंपनीनं आता पुरवठादार कमी करायचं ठरवलंय. टाकी, नळ्या, झाकण, सगळं एकाच मोठ्या कारखान्याकडून घेणार. तो आमच्या फाटकालाच लागून आहे. तुमची ऑर्डर जूनपर्यंत."

"आमच्या कामात काय कसर ऱ्हायली का?" गुंडप्पानं विचारलं.

"काही नाही. निर्णय वरचा आहे."

कसर असती तर गुंडप्पा रात्रंदिवस राबून ती काढणार होता. इथं काढायला काहीच नव्हतं.

आठवड्यानं त्या मोठ्या कारखान्याचा फोन आला. त्यांच्याकडंही पाण्याची ओरड होती. गुंडप्पानं येऊन त्यांची माणसं शिकवावीत. बदल्यात चौसाळ्याच्या चार बायांना तिथं काम मिळेल.

सभासद जमले. कल्याणराव मान खाली घालून म्हणाले, "न्हाई म्हणायचं तर म्हण. तुझी अक्कल हाय."

"न्हाई म्हणून कुणाचं काय भलं व्हनार हाय?"

"भाऊ, मी जाते," केसरबाई म्हणाली. "इथं बसून काय करू?"

गुंडप्पानं चार दिवस तिथं जाऊन शिकवलं. बुचं कशी बसवायची, काटा खोटा कधी बोलतो, सावली का लागते, काही राखून ठेवलं नाही. शिकणारी माणसं चांगली होती. त्याला त्यांचा रागही येईना.

जूनअखेर चौसाळ्याचं वेल्डिंग बंद पडलं. गुंडप्पा हायवेवर ट्रॅक्टरची अवजारं दुरुस्त करायला लागला. श्रावणात केसरबाईचा फोन आला.

"भाऊ, इथं टाक्या तपासायला नवी मशीन आणलीय. बटन दाबलं की लाल न्हाईतर हिरवा दिवा लागतो."

"आन तू?"

"मला झाडायला लावलंय."

गुंडप्पानं वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सारला.

"मशीन बरोबर धरती का गळती?" त्यानं विचारलं.

"लई बरोबर धरती," केसरबाई म्हणाली.