तळाचा मान

वागळे इस्टेटमधल्या त्या लॅबमध्ये मी आणि माझा धाकटा भाऊ सुदेश एकाच दिवशी गेलेलो. दोघंही कबड्डीत चढाई करणारे, दोघांनाही राज्याच्या निवड चाचणीला जायचं होतं. त्यांनी मांड्यांवर सेन्सर चिकटवले आणि बाकड्यावरून खाली उड्या मारायला लावल्या. समोर पडद्यावर आमच्या स्नायूंच्या रेघा थरथरत होत्या.

टेस्ट घेणारी अमृता डोंबिवलीची, तोंडाने फटकळ. तिने माझी रेघ दाखवली.

"हे बघ. पळणाऱ्यांचा मांडीमागचा स्नायू पाय टेकायच्या आधीच जागा होतो. वेटलिफ्टर वजन घेऊन उठतो तेव्हा पुढचा-मागचा एकदम कामाला लागतात. तुझा डावा मागचा उठतोय पाय टेकून झाल्यावर."

"म्हणजे वॉचमन चोर गेल्यावर उठतो."

"तेच. आणि चोर गुडघ्यातला लिगामेंट घेऊन जाणार. दमलीस की अजून उशीर. सध्या या पायावर कुणाचं वजन घ्यायचं नाही. मागचा स्नायू तयार कर, चाचणीपर्यंत होईल नीट."

व्यायामही तिनेच शिकवला. गुडघ्यांवर बसायचं, मागून कोणीतरी घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून सावकाश पुढे झुकत जायचं.

सुदेशचा रिपोर्ट तोच आला. त्याचा पाय उजवा, एवढाच फरक.

आमच्या मंडळाचा एक रिवाज आहे. मंडळाचा जो खेळाडू राज्याच्या चाचणीला जातो, त्याने त्या वर्षीच्या दहीहंडीत तळाच्या थरात उभं राहायचं. मुलगा असेल तर मुलांच्या पथकात, मुलगी असेल तर मुलींच्या. त्याला तळाचा मान म्हणतात. वरचे सगळे तुमच्या मांडीवर पाय देऊन चढतात, तो मान.

आमचे कोच आणि मंडळाचे सर्वेसर्वा आबा. वर्तकनगरच्या कार्यालयात त्यांनी दोन्ही रिपोर्ट वाचले, चष्मा काढला.

"सुदेश, तू हंडीला उभा राहणार नाहीस. पुढच्या वर्षी लीगमध्ये तुझ्यावर बोली लागेल. गुडघा सांभाळ."

"आणि मी?" मी विचारलं.

"तुझं काय?"

"रिपोर्ट तोच आहे, आबा."

"अगं, मशीन काय, काहीही सांगतं. मी जन्मभर मातीत खेळलो, मला कुठे सेन्सर लागले? मुलींचा तळ तुझ्यावर आहे. आणि चाचणीला मंडळाचं पत्र लागतं, ते देतं कोण?"

भावाच्या मांडीवर मशीन म्हणजे विज्ञान, बहिणीच्या मांडीवर खेळणं. सुदेश बाजूलाच बसलेला. मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही त्याने.

घरी तेच. संध्याकाळी आई त्याचे घोटे धरून बसायची. मी म्हणायचे, आता माझे. "थांब गं, याचं होऊ दे," म्हणायची. त्याचं होईपर्यंत कुकर लावायची वेळ व्हायची. मग मी पाय दिवाणाखाली अडकवायचे. दिवाण हलका, माझ्याबरोबर उचलला जायचा.

हंडीच्या दिवशी टेंभी नाक्याला मुंगी शिरायला जागा नव्हती. सुदेश स्टेजवर, खांद्यावर शाल, होतकरू खेळाडू म्हणून सत्कार झालेला. आमच्या पथकाचं नाव पुकारलं. मुलींनी हातात हात गुंफून गोल केला. माझ्या पाठीमागे दुसऱ्या थराची समीक्षा चढायला तयार.

मी हात सोडवला आणि हंडीच्या बरोबर खाली रस्त्यावर मांडी घालून बसले. वर कोणी चढण्याआधी. मुली पडाव्यात असं मला वाटत नव्हतं.

"ऊठ," आबा दातओठ खात म्हणाले. "लोक बघतायत."

"बघू द्या. सुदेशला बोलवा. तोही चाचणीला चाललाय. त्याला घ्या मुलांच्या तळाला, मी उठते."

निवेदक माइक घेऊन धावत आला. "काय झालं ताई, चक्कर आली का?"

मी माइक हातात घेतला. "माझा भाऊ स्टेजवर आहे. त्याचाही तळाचा मान आहे. त्याला खाली पाठवा."

लोकांना वाटलं, काहीतरी कार्यक्रम आहे. शिट्ट्या, टाळ्या, "सुदेश, सुदेश" सुरू. शाल सावरत तो खाली आला, माझ्यापाशी वाकला.

"ताई, येडी झालीस का? मी कसा उभा राहू? माझा गुडघा जाईल. रिपोर्ट आहे माझा."

माइक चालूच होता. पूर्ण नाक्याने ऐकलं. त्याचं त्यानेही ऐकलं, मग शाल काढून हातात धरली.

"माझाही आहे," मी म्हटलं. "तोच."

आबांनी माइक हिसकावून बंद केला. "समीक्षा, हिच्या जागी तू लाग."

समीक्षाने कमरेचा पट्टा चाचपला. "आबा, माझी तर टेस्टच नाही झाली. माझा गुडघा कुठे जातो ते कोणाला माहितीये?" आणि माझ्या शेजारी येऊन बसली. मग गोल राहिलाच नाही. निवेदकाने पुढच्या पथकाचं नाव घेतलं.

पत्र मिळणार नाही, हे आबांनी तिथेच सांगितलं. त्या मंडळाच्या मॅटवर मी अंगातला घाम गाळलाय, पोरींना चढाई शिकवलीय, आणि एका मांडीसाठी मी परकी झाले. ठीक आहे. आता जिल्हा संघटनेच्या दारात जाऊन बसणार. बसायला शिकलेय मी.

संध्याकाळी सुदेश सवयीने गुडघ्यांवर बसला. "आई, घोटे."

आई नाक्यावर आलेली, गर्दीत मागे उभी होती. हे तिने आत्ता घरी सांगितलं. त्याच्यामागे न जाता ती माझ्यामागे येऊन बसली आणि माझे घोटे धरले. अलगद, भांडं धरावं तसे.

"त्याचे धरतेस तसे धर," मी म्हटलं.

तिने पूर्ण वजन टाकलं. मी पुढे झुकायला लागले. कुकरची शिट्टी झाली. सुदेशने जाऊन गॅस बंद केला.