घासाघिशीला जागा

"दर जरा चढाच लिही," तंदुरातली राख ओढता ओढता मावल्युदा सुनेला म्हणाली. "घासाघिशीला जागा नको?"

मोबाईल मांडीवर घेऊन बसलेली झुलहुमोर घुटमळली. बालवाडीला लागणाऱ्या नान-रोट्यांसाठी यंदापासून ई-निविदा भरायची होती. आजवर बालवाडीच्या मुख्य बाई, सानोबार, दर शरदात अंगणात येत, चहा पीत. मावल्युदा दर सांगे, त्या छातीवर हात ठेवून "मेले ग बाई" म्हणत, दोघी हसत आणि सौदा पटे. पहिल्याच बोलीला शेवटचा दर सांगणं म्हणजे मार्गिलान गावात गिऱ्हाईकाच्या तोंडावर दार लावणं. आणि बालवाडी गेली तर तंदूर दिवसभर तापवायचा तरी कुणासाठी? मुलांच्या मुठीत मावतील एवढे नान ती नवरा गेल्यापासून भाजत होती. घर त्यावरच उभं होतं.

झुलहुमोर फर्गान्यात हिशेबनीस व्हायला शिकलेली. पण वसंतात लग्न होऊन आलेली ती नवी सून. सासू म्हणजे ओयी, आईच; तिचा शब्द कसा खाली पाडणार? "बरं ओयी," म्हणून तिनं बटण दाबलं.

निकाल लागला त्या दिवशी सानोबार आल्या. चहाला हातही लावेनात.

"ओपा, फोन करायला बंदी होती हो. मोठ्या बेकरीचा दर कमी निघाला. यंत्रानं त्यांनाच काम दिलं."

"पण 'कमी करतेस का' असं मला कुणी विचारलंच नाही," मावल्युदा म्हणाली. तिला दुःख झालं होतं, आणि त्याहून जास्त अपमान वाटला होता.

दुपारी सून पिठाच्या पोत्यांमागे रडताना सापडली. आकडा एकदाच लिहायचा असतो, हे तिला ठाऊक होतं म्हणे.

"मग तोंडाला कुलूप का घातलंस?"

"सून आहे ना मी, ओयी."

मावल्युदा संतापून बोलायला गेली आणि थबकली. ती स्वतः नवी नवरी असताना सासूनं पिठात दुसऱ्यांदा मीठ घातलेलं तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ब्रही काढला नव्हता. सगळी भट्टी गाईगुरांना घालावी लागली, पण पाहूनही सासूला बोलली नाही, सून कशी शहाण्या घरची, असं गल्लीभर झालं. त्या कौतुकावर ती जन्मभर मिरवली होती. आता कुणाला रागावणार, कपाळ? तिनं सुनेच्या डोक्यावरचं पीठ झटकलं आणि तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे झुलहुमोर उंबऱ्याशी वाकून सलाम करायला आली.

"वाकणं राहू दे," मावल्युदा म्हणाली. "सूतिकागृहाची निविदा निघालीये म्हणत होतीस. दर काय लिहायचा?"

झुलहुमोरनं खालमानेनं आकडा सांगितला. मावल्युदानं मनात धरलेल्या शेवटच्या दरापेक्षाही तो थोडा खालीच होता.

"आणि घासाघिशीला?"

"काही ठेवायचं नाही, ओयी. खरा तेवढाच लिहायचा."

मावल्युदाच्या ते जिवावर आलं. असा उघडावाघडा दर परक्याच्या हाती द्यायचा, ना चहा, ना हसणं.

"लिही," ती अखेर म्हणाली. "आणि इकडे ये."

नानावर फूल उमटवायचा लहान ठसा तिनं सुनेच्या हातात दिला. घरात आजवर त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. झुलहुमोरनं भीत भीत पहिल्या नानावर तो दाबला. फूल एका बाजूला सरकलं. तिनं सासूकडे पाहिलं आणि स्वतःच म्हणाली, "वाकडं आलं."

"आलं खरं," मावल्युदा म्हणाली, आणि तो नान तिनं तसाच तंदुरात लावला.