मैदानाभोवतीची माणसं

आमच्या कॉलनीच्या मागे कॉलेजचं बास्केटबॉलचं मैदान आहे. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्याची एक बास्केट दिसते, दुसरी दिसत नाही. त्यामुळे घरात राहून मला अर्धाच सामना कळतो. उरलेला अर्धा पाहायला मी शाल घेऊन खाली उतरते आणि कुंपणाजवळच्या बाकावर बसते. बहुतेक वेळा त्या बाकावर मी एकटीच असते.

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी सराव संपल्यावर मंजुषा माझ्या शेजारी येऊन बसली. ती कॉलेजची क्रीडाशिक्षिका. मुली तिला मॅडम म्हणतात. मी नुसतं मंजुषा म्हणते, कारण तिची आई आणि मी याच मैदानावर एका संघात खेळलो.

"काकू, हे मैदान जातंय बहुतेक," ती म्हणाली.

"कुठे जातंय?"

"टर्फ करायचं म्हणतात. बॉक्स क्रिकेट. वर जाळी, खाली हिरवा गालिचा, आणि रोज संध्याकाळी भाड्याने. सचिवसाहेबांनी मला बोलावून विचारलं, मॅडम, तुमच्या मुली चांगल्या खेळतात हो, पण बघतं कोण? मी काय सांगणार? बघायला तुम्ही आणि वॉचमन."

"वॉचमन तर मोबाइल बघत असतो."

"म्हणजे तुम्हीच."

संस्थेचे सचिव योगेशराव तसे वाईट गृहस्थ नाहीत. सटाण्याच्या कॉलेजबरोबरचा सामना आमच्या मैदानावर होता, त्याला ते स्वतः येणार होते. माणसं दिसली तर मैदान राहील, नाही दिसली तर नव्या वर्षात जाळी लागेल, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. हातात तीन आठवडे होते.

मंजुषा उठून गेली, तरी मी बसून राहिले. मला आमचे दिवस आठवत होते.

बाहत्तर-त्र्याहत्तर सालची गोष्ट. तेव्हा इथे सिमेंट नव्हतं, मुरूम होता. सामन्याच्या दिवशी शिपाई झारीने पाणी मारायचा आणि फक्कीने रेषा आखायचा. पहिल्या दहा मिनिटांत त्या रेषा आमच्या बुटांना लागून निघून जायच्या आणि मग आत-बाहेर यावरून भांडणं. आम्ही मुली अर्धी चड्डी घालून खेळायचो. ती चड्डी गुडघ्यापर्यंत होती, तरी आमच्या घरात चार दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही. शेवटी वडिलांनी, म्हणजे दादांनी, परवानगी दिली, ती एका अटीवर. आई सोबत जाईल.

आईला घरात काम पडलेलं. ती मेथीची जुडी आणि ताट घेऊन आली आणि मैदानाच्या कडेला बसून मेथी निवडू लागली. दुसऱ्या दिवशी तिला सोबत म्हणून शेजारच्या काकू आल्या, शेंगा सोलायला. मग चाळीतल्या आणखी बायका. कुणी वाती वळतंय, कुणी स्वेटर विणतंय. संध्याकाळी नोटांच्या प्रेसची शिफ्ट सुटायची. माणसं सायकलवरून घरी जायला निघायची आणि बघायची तर बायका घरी नाहीतच, सगळ्या मैदानावर. मग तेही थांबायचे. हँडलला डबा, एक पाय पॅडलवर, एक कुंपणाच्या दगडावर. आम्ही बास्केट केली की सगळ्या सायकलींच्या घंट्या एकदम वाजायच्या. बाहेरगावच्या मुलींना त्या घंट्यांची सवय नसे. फाउलनंतर एकटीने रेषेवर उभं राहून चेंडू टाकायची वेळ आली की त्यांचा नेम चुकायचा. पुण्याहून आलेल्या एका संघाने तर आमच्या घंट्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती.

आईला खेळ शेवटपर्यंत कळला नाही. एकदा आम्ही भयंकर हरलो. मी रडवेली होऊन घरी आले, तर आई दादांना कौतुकाने सांगत होती, "आज उज्वला फार छान खेळली. एकदासुद्धा पडली नाही."

मी बाकावरून उठले तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली होती. आमच्या वेळची ती गर्दी खेळ बघायला आलेलीच नव्हती. आई मला बघायला आली होती, काकू आईसाठी, आणि पुरुष बायकांसाठी.

दुसऱ्या दिवशी मी मंजुषाला विचारलं, "आतापर्यंत काय काय करून पाहिलंस?"

"डीजे लावला. तुमच्याच कॉलनीतून फोन आले, बंद करा म्हणून. फुकट वडापाव ठेवला, पोरांनी खाल्ला आणि गेली. मग प्राचार्यांनी हजेरी सक्तीची केली. पोरं आली, सेल्फी काढले, हजेरी लावली, पहिल्या क्वार्टरनंतर मी वळून बघते तर मैदान साफ."

"मुली कुठल्या तुझ्या?"

"बहुतेक होस्टेलच्या. राखी पेठ तालुक्यातली, दोघी येवल्याच्या, एक सुरगाण्याची."

"म्हणजे त्यांची माणसं एसटीने दोन-तीन तासांवर. त्यांना इथे ओळखतं कोण? अनोळखी पोरीसाठी कोण थंडीत बसेल?"

"मग काय करू?"

"तू काही करू नकोस. आपण मुलींचे वार लावू."

मंजुषाला वार लावणं म्हणजे काय ते सांगावं लागलं. पूर्वी शिकायला शहरात आलेली गरीब मुलं आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवायची. माझे सासरे तसेच शिकले. सोमवार वकिलांकडे, मंगळवार मास्तरांकडे. पुढे ते मोठे झाले, तरी मंगळवारच्या घरच्या आजी गेल्या तेव्हा त्यांनी घरी सुतक पाळलं होतं. आमच्या मुलींना उपाशी राहायची वेळ नव्हती, होस्टेलला मेस होती. पण मेसच्या आमटीला कोण नावाजतं? आठवड्यातून एक दिवस एका मुलीने कॉलनीतल्या एका घरी जेवायचं. घर तेच, वार तोच.

मी घरोघर फिरले. सगळ्यात अवघड होती लंकाबाई. ती मूळची येवल्याकडची, जिभेला धार, गुडघ्यांना कुरकुर.

"मला नको सांगू उज्वला. माझ्यानं जिनं चढवत नाय."

"जिना चढायचा नाहीये. एक भाकरी जास्त थापायची आहे."

"आन् पोरगी नखरेल निघाली म्हंजे? भाजी आवडत नाय, तिखट लागतं?"

"तर मला परत दे."

बुधवारी राखी तिच्याकडे गेली. राखी संघात सगळ्यात उंच आणि सगळ्यात अबोल. गुरुवारी सकाळी लंकाबाई माझ्या दारात.

"पोरगी हाय का ताडाचं झाड? दारातून वाकून आली! आन् बोलायला काय पैसे पडत्यात का तिला? विचारलं, भाकर कशी झाली, तर म्हनती, चांगली आहे, आमच्याकडे नागलीची असते."

"मग?"

"मग काय मग? बाजरीच्या भाकरीला नावं ठेवून गेली का कौतुक करून, मला रातभर कळंना." थोडं थांबून ती म्हणाली, "पण मोरीतला दिवा बदलला तिनं. दोन महिनं बंद व्हता. स्टूल न घेता, नुसता हात वर करून."

पुढच्या बुधवारी लंकाबाईने नवऱ्याला, झुंबरभाऊंना, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ आणायला पंचवटीपर्यंत पिटाळलं. त्यानंतर ती राखीचा उल्लेख 'आमची राखी' असाच करू लागली. असंच इतर घरी झालं. एका मुलीने कुणाच्या नातीला गणित समजावलं, एकीने कुणाचा फोन नीट करून दिला. मुली जेवताना सहज सांगायच्या, शनिवारी आमची मॅच आहे. कुणी ये म्हटलं नाही. म्हणायची गरज पडली नाही.

सामन्याच्या दिवशी चारच्या सुमारास मी खाली उतरले आणि थबकले. माझ्या बाकावर जागाच नव्हती! कडेने सतरंज्या पसरल्या होत्या. थंडीचे दिवस, मटार स्वस्त; बायकांनी पिशव्या भरभरून मटार सोलायला आणले होते. पुरुष मागे प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन बसले होते. योगेशराव आले, इकडेतिकडे पाहिलं आणि मंजुषाला विचारलं, "आज इथे काही हळदीकुंकू वगैरे आहे का?"

"नाही साहेब, मॅच आहे."

खेळ सुरू झाला आणि मला हसू आवरेना. नियम एकीलाही माहीत नव्हते.

"हातात आलाय तर घेऊन पळावं ना! सारखा आपटती कशाला जमिनीवर?"

"तसंच असतं ते. आपटत न्यायचा."

"आमची राखी! ए राखी! त्या लाल झंपरवालीला सोडू नको!"

"झंपर नाही हो, जर्सी."

झुंबरभाऊ मागून सगळ्यांना नियम समजावत होते, सगळे चुकीचे. पण आवाज असा होता की आमच्या मुली पहिल्यांदाच मान वर करून खेळत होत्या. राखी चेंडू घेऊन वळली की सतरंजीवरचे मटार सोलणारे हात थांबायचे. मी तिला सरावात कित्येकदा पाहिलं आहे, पण तिच्यात इतका जोर आहे हे मला माहीत नव्हतं. सटाण्याच्या मुलीही तयारीच्या होत्या. गुण मागेपुढे होत राहिले. मी योगेशरावांकडे पाहिलं. ते खुर्चीच्या टोकाशी सरकले होते.

तिसऱ्या भागात राखी धापा टाकत आमच्या समोरून गेली, तशी लंकाबाई तांब्या घेऊन सरळ मैदानात शिरली. "पानी पी गं आधी!" पंचांनी शिट्टी वाजवली, खेळ थांबवला आणि मंजुषाला ताकीद दिली, पुन्हा कोणी आत आलं तर तुमच्यावर फाउल. मंजुषाने येऊन हात जोडले. लंकाबाई पुटपुटत बसली. "पानी पाजलं, इख नाय पाजलं."

शेवटचं मिनिट. आम्ही एका गुणाने पुढे होतो. सटाण्याची एक बारकी मुलगी चेंडू घेऊन आमच्या बाजूने आली, राखीने तिच्या हातातून तो अलगद काढला आणि रिकाम्या बास्केटकडे धावली. समोर कोणी नव्हतं. त्याच क्षणी ती बारकी मुलगी तोल जाऊन सिमेंटवर आपटली, सतरंजीपासून दोन हातांवर, आणि कळवळून ओरडली, "माय वं!"

पुढचं सगळं एका दमात झालं. लंकाबाई उठली. तिचे ते कुरकुरणारे गुडघे कुठे गेले कोण जाणे. तिच्यामागे आणखी चौघी. मटार सगळीकडे सांडले. एकीने मुलीचं डोकं मांडीवर घेतलं, एक पदर ओला करून गुडघा पुसू लागली, लंकाबाई झुंबरभाऊंवर ओरडत होती, "हळद आना! उभं काय ऱ्हायला!" पंचांची शिट्टी वाजली. तिकडे राखीने चेंडू बास्केटमध्ये टाकला होता, पण शिट्टीनंतर. तो धरला गेला नाही.

फाउल आमच्यावर. सटाण्याला एक फ्री थ्रो आणि वर चेंडूही त्यांचाच. बरोबरी झाली, आणि मग त्यांनी शेवटची बास्केट केली. आम्ही हरलो.

राखी मैदानाच्या मध्यावर उभी होती. मग ती सरळ लंकाबाईकडे आली. त्या अबोल मुलीला मी पहिल्यांदाच चिडलेली पाहिलं.

"आजी, तुम्ही बसून राहिला असता तर आम्ही जिंकलो असतो!"

"आन् ती पोर?"

"तिला बघायला तिच्या मॅडम होत्या ना!"

"तिची मॅडम पार पलीकडं व्हती. मी हितं व्हते." लंकाबाईचा आवाज उतरला. "तू पडली असती तिकडं सटाण्याला, तर कुनी तरी उठायला नको का?"

राखीचे डोळे भरले होते. ती पाठ फिरवून बाटली घ्यायला गेली. मला वाईट वाटत होतं. माणसं मी गोळा केली होती आणि माणसांनीच सामना घालवला होता. मंजुषा स्कोअरच्या टेबलापाशी सही करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

योगेशराव उठले. ते गाडीकडे निघतील असं मला वाटलं, पण बायकांनी त्यांना तिथेच गाठलं. पंच कोण, सचिव कोण, याचा त्यांना पत्ता नव्हता. इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस दिसला, त्याला धरलं.

"पोरगी पडली तर उचलायची नाही, हा कुठला नियम हो?"

"बास्केट टाकली होती तिने, आम्ही सगळ्यांनी पाहिली!"

"पुढची मॅच कधी आहे? तेव्हा दुसरा शिट्टीवाला आणा."

"आणि खुर्च्या द्या जरा. पाठ धरते खाली बसून."

योगेशराव दोन्ही हात वर करून म्हणत होते, "हो आजी, हो. ऐका तरी." त्यांच्या बुटाखाली मटार चिरडत होते. शेवटी त्यांनी मंजुषाला हाक मारली.

"मॅडम, हे असं चालणार नाही."

मंजुषाचा चेहरा पडला.

"पुढच्या मॅचला कडेने दोरी बांधून घ्या. जाड दोरी. या आज्या परत आत शिरल्या तर तुमचा संघ बाद होईल." आणि जाता जाता, "खुर्च्यांचं शिपायाला सांगतो."

ते गेल्यावर मंजुषा माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, पुढच्या मॅचला म्हणाले ना ते?"

"म्हणाले."

बुधवारी राखी येणार नाही असं धरून लंकाबाईने स्वयंपाकच केला नव्हता. राखी आली, वाकून आत शिरली आणि परातीत पीठ घेऊन बसली. तिने स्वतः थापलेल्या भाकऱ्या लंकाबाईला मुळीच आवडल्या नाहीत, हे लंकाबाईने मला दोनदा सांगितलं.

पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी शिपायाने खुंट्या ठोकून दोरी बांधली. सामन्याच्या दिवशी बायका आल्या, दोरीकडे बघितलं, आणि सगळ्यांनी मिळून खुंट्या उपटून दीड हात पुढे ठोकल्या. मंजुषाने ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.