मॅडमना विचारून सांगतो

नवऱ्याचं दुसऱ्या बाईवर प्रेम असतं, तर मी एकदाच काय ते कडाकडा भांडून मोकळी झाले असते. पण आमचे हे त्या बाईचं ऐकतात. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझं कधी ऐकलं नाही, आणि तिचं ऐकतात!

ती बाई म्हणजे कर्ज-सल्ला केंद्रातल्या मॅडम. यांचं सोफे दुरुस्त करायचं दुकान आहे. ते वाढवायच्या नादात यांनी एक कर्ज काढलं, ते फेडायला दुसरं, आणि दुसऱ्याचे हप्ते भरायला क्रेडिट कार्ड. शेवटी फोन वाजला की तो कोणी उचलायचा म्हणून आम्ही एकमेकांची तोंडं बघायचो. मग या केंद्रात गेले. मॅडमनी सगळ्या कंपन्यांशी बोलून व्याज थांबवलं आणि सगळ्यांचा मिळून झेपेल असा एकच हप्ता ठरवून दिला. तो आम्ही केंद्रात भरतो आणि ते लोक पुढे वाटतात. योजना दोघांच्या नावावर, सह्याही दोघांच्या. अट एकच, मॅडमना विचारल्याशिवाय नवीन कर्ज काढायचं नाही.

उपकार झाले, नाही कोण म्हणतंय? फोन थांबले, झोप लागायला लागली. पण त्या दिवसापासून मॅडम आमच्या घरात राहायलाच आल्या म्हणा ना. चपला घ्यायच्या? मॅडमना विचारून सांगतो. गीझर बिघडला? मॅडमना विचारून सांगतो. एकदा मोठा शोध लागल्यासारखे मला म्हणाले, "मॅडम म्हणतात, दर महिन्याला थोडे बाजूला टाकत जा." हेच सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं. मी सांगितलं की कटकट, मॅडमनी सांगितलं की सल्ला. फोनवर काय तो मऊ आवाज, "हो मॅडम, अगदी बरोबर मॅडम." मला शेवटचं 'बरोबर' कधी म्हणाले होते ते देवाला ठाऊक. कानामागून आली आणि तिखट झाली, ती ही अशी.

एकदा हे आंघोळीला गेले होते म्हणून फोन मी उचलला, तर मॅडम विचारतात, "मिस्टरांची पाठ आता कशी आहे?" मी म्हटलं, बरी आहे. पाठ दुखते हेच मला माहीत नव्हतं. 

तर असं सगळं चाललेलं असताना यांच्या शिलाई मशीनची मोटर जळाली. रेक्झिन शिवायचं जाड कामाचं मशीन ते. हे वाकड्या सुईने हाताने टाके घालायला लागले, बोटांची चाळण झाली.

"नवीन घेऊन टाका," मी म्हटलं.

"मॅडमना विचारून सांगतो."

मॅडम म्हणाल्या, पुढच्या महिन्यात योजनेचा आढावा आहे, तेव्हा बघू. तोवर भाड्याने मिळतं का बघा. हे लगेच भाड्याचं शोधायला निघाले. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मी एका लाँड्रीच्या काउंटरवर काम करते. दुसऱ्या दिवशी सुटल्यावर सरळ मशीनच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, थोडे आत्ता भरा, बाकी हप्त्याने. इथे फक्त सही करा." मी मनाची समजूत घातली, हप्ता म्हणजे काही कर्ज नव्हे. शिवाय नाव माझं, पगार माझा, मॅडमचा काय संबंध? आणि साठवलेले सगळे पैसे काढून दिले. खरं सांगते, मला मशीनचं एवढं पडलं नव्हतं. हे मशीन बघून म्हणतील, 'अगं, तू आहेस म्हणून चाललंय,' एवढं एक वाक्य मला हवं होतं.

मशीन आलं. यांनी त्यावर हात फिरवला, एक तुकडा घालून शिवून पाहिला, चेहरा खुलला. मी वाट बघत उभी.

"कोणाचं आणलंस?"

"आपलंच आहे. माझ्या नावावर. हप्त्याने."

खुललेला चेहरा पडला, आणि हात खिशातल्या फोनकडे गेला. "मॅडमना कळवायला हवं."

"आधी माझ्याशी तरी बोला!"

"अगं, योजनेवर तुझीही सही आहे. एका कंपनीने जरी अंग काढून घेतलं ना, तर व्याज पुन्हा सुरू. परत ते फोन, परत ती माणसं दारात."

आतून सासूबाई म्हणाल्या, "घरचं झालं थोडं, अन् व्याह्यानं धाडलं घोडं." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते माझं झालं होतं.

मॅडमनी दोघांना केंद्रात बोलावलं. योजनेच्या सह्या मी घरीच केल्या होत्या, त्यामुळे बाईंना पहिल्यांदाच बघत होते. एकतर फार देखणी असेल नाहीतर फार खडूस, असं मी धरून चालले होते. बाई अगदी साधी. सर्दी झालेली, रुमालाने सारखं नाक पुसत होती. रागावलीसुद्धा नाही. रागावली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

"मशीन ठेवायचं तर मला सगळ्या कंपन्यांना पुन्हा विचारावं लागेल," ती म्हणाली. "सगळे हो म्हणतील याची खात्री नाही. परत द्यायचं तर दुकानदार घेतोय, पण सुरुवातीला भरलेले पैसे बुडतील. हे तुम्ही दोघांनी ठरवायचं."

हे माझ्याकडे वळले. "तुला काय वाटतं?"

किती वर्षं वाट पाहिली होती मी या प्रश्नाची! ठेवू या म्हणायला जीभ वळवळत होती. त्यांच्या बोटांना गुंडाळलेल्या पट्ट्या समोर होत्या, पण ते फोनही आठवत होते. रात्री बेल वाजली की हे दिवा घालवून बसायचे.

"परत करू," मी म्हटलं. "पैसे गेले तर गेले. महिनाभर भाड्याचं वापरा."

आणि हा माणूस मॅडमकडे बघायला लागला, माझं उत्तर बरोबर आलं की चूक ते विचारायला.

"माझ्याकडे काय बघताय?" मॅडम म्हणाल्या. "त्यांच्याकडे बघा. त्यांनी स्वतःचे पैसे सोडलेत."

यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं डोळे भरून बघितलं. लगेच. तिने सांगितलं होतं ना.