अभिषेकाच्या घोडीवर औषधाची बाटली

मित्रांनो, बनारसला मंगला गौरीच्या गल्लीत एका मराठी घरात माझे आयुष्य गेले. मी अभिषेकपात्र टांगायची पितळी घोडी आहे. तीन पाय आणि वर एक वाकडा आकडा, एवढाच माझा संसार. रामनगरच्या ज्या कासाराने मला घडवले, त्याने माझा एक पाय जरासा आखूड ठेवला. त्याखाली आजही कागदाची घडी सारावी लागते.

माझ्या आकड्याला पात्र टांगायचे, त्याच्या तळाच्या भोकात दर्भाची काडी घालायची, की खाली पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत राहते. मंत्र गुरुजींचे, पुण्य यजमानांचे. माझे काम नुसते उभे राहायचे, आणि ते मला चांगले जमते.

आमचे बिंदुमाधव गुरुजी दशाश्वमेध घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या लोकांचे विधी करतात, अभिषेक मात्र घरीच. आवाज गोड, पाठांतर चोख. पण त्यांची एक खोड होती. यजमान घड्याळाकडे बघू लागले, की गुरुजींचे हात शिवशिवत. ते शेवटची आवर्तने झरझर म्हणत आणि हळूच दर्भाची काडी वर ओढत. थेंबांची धार व्हायची, पात्र रिकामे व्हायचे आणि मंडळी खुशीत जेवायला उठायची. यजमानांचे डोळे मिटलेले असत. दाराशी फुले निवडत बसलेल्या वैदेहीकाकूंना, म्हणजे गुरुजींच्या पत्नीला, मात्र सगळे दिसायचे. त्या काही बोलत नसत. मलाही तेव्हा त्याची गंमतच वाटायची.

मग घाटाच्या पायरीवरून काकूंचा पाय घसरला. टाचेला जखम झाली, त्यात त्यांना साखरेचा आजार. जंतू पार हाडापर्यंत गेले. इस्पितळातून घरी पाठवताना डॉक्टरांनी बजावले, की शिरेतून द्यायचे हे अँटिबायोटिक अजून काही आठवडे चालू ठेवायला हवे, तरच पाय वाचेल. ते द्यायला सुशांत नावाचा नर्स रोज घरी येऊ लागला. बाटली टांगायला खोलीत काहीच नव्हते.

"ही आहे की आपली घोडी," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी मला उचलून टेबलावर चढवले. मित्रांनो, खरे सांगते, मला फार अभिमान वाटला होता.

सुशांत बाटली लावायचा, नळीवरचे छोटे चाक फिरवून थेंब ठरवायचा आणि रोज तेच सांगायचा, "गुरुजी, चक्का मत छूइएगा. डेढ़ घंटा लगता है, लगने दीजिए. यह दवा जल्दी नहीं चलती." मग तो गुरुजींच्या पाया पडून शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या पेशंटकडे जायचा.

त्या दिवशी सांगलीचे यजमान घाटावर खोळंबले होते. गुरुजींचा फोन सारखा वाजत होता. काकूंना एकटे सोडवत नव्हते आणि बाटली तर अर्धीही झाली नव्हती. गुरुजी येरझाऱ्या घालत होते. मध्येच ते माझ्यापाशी थांबले, त्यांनी वर बघितले आणि त्यांची बोटे चाकावर गेली. ती बोटे मी ओळखत होते. दर्भाची काडी ओढणारीच ती बोटे.

थेंबांची धार झाली.

थोड्याच वेळात काकू मान खाजवू लागल्या. त्यांचा चेहरा आणि छाती लालबुंद झाली. "अहो, पूरं अंग जळतंय. घबराहट होतेय मला," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे फिरले. गुरुजींच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी चाक घट्ट बंद करून सुशांतला फोन लावला. तो धावतच आला. त्याने काकूंचे पाय उशीवर ठेवले, रक्तदाब मोजला, डॉक्टरांना फोनवर विचारून इंजेक्शन दिले. हळूहळू काकूंचा रंग निवळला.

सुशांतने रिकाम्या होत आलेल्या बाटलीकडे पाहिले. "गुरुजी, चक्का छुआ था क्या?"

"नाही. नहीं तो," गुरुजी म्हणाले.

सुशांत चाकाकडे बघत राहिला. ज्यांच्या पाया पडतो ते गुरुजी खोटे कसे बोलतील? म्हणजे थेंब ठरवताना आपलेच चुकले असणार, असे त्याला वाटले असावे. स्पीकरवर ठेवलेल्या फोनवर इस्पितळातल्या डॉक्टर मालविका थेंबांच्या वेगाबद्दल विचारत होत्या, तेव्हा तो कसाबसा म्हणाला, "मैडम, रोज जैसा ही था."

"मग या औषधाचीच अ‍ॅलर्जी दिसते," डॉक्टर म्हणाल्या. त्या पुण्याच्या, गुरुजींशी मराठीत बोलत. "हे आता कायमचं बंद करावं लागेल. दुसरं जे आहे, ते या जंतूंवर फारसं चालत नाही, गुरुजी. पायाच्या ऑपरेशनचा विचार करावा लागेल. मनाची तयारी ठेवा."

औषध निर्दोष होते. पोरगा निर्दोष होता. हे त्या खोलीत फक्त गुरुजींना ठाऊक होते आणि मला. मला तोंड नाही, मित्रांनो. आकडा गदगदा हलवून सांगावे असे फार वाटले, पण मी उभीच राहिले. त्या उभे राहण्याची लाज मला अजून वाटते.

गुरुजींनी मान खाली घातली. घाटावर शेकडो माणसांकडून त्यांनी पापक्षालनाचे संकल्प म्हणून घेतले होते. आता स्वतःचे सांगायची पाळी आली होती. शेवटी ते फोनजवळ वाकून म्हणाले, "डॉक्टर, चाक मी फिरवलं. मला घाटावर जायची जल्दी होती. या पोराची काही गलती नाही. मी खोटं बोललो."

मग डॉक्टर म्हणाल्या, "हे सांगितलंत ते बरं केलंत. वेगामुळे झालं असेल, तर औषध सोडायची गरज नाही. उद्या त्यांना इथे आणा, माझ्यासमोर अगदी हळू देऊन बघू."

सुशांत दाराकडे तोंड करून डोळे पुसत होता. गुरुजी काकूंच्या पायाशी बसले. काकूंना सगळे ऐकू आले होते.

"इतकी वर्षं काडी ओढताना बघत आले," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "देवाला चालत असेल. मला नाही चाललं."

गुरुजींनी त्यांच्या पायावरचे पांघरूण सारखे केले.

इस्पितळात ते औषध काकूंना सोसले. पुढच्या बाटल्या पुन्हा माझ्याच आकड्याला लागल्या आणि गुरुजी समोर हात मांडीखाली दाबून बसून राहायचे. टाच भरली. काकू आता काठी टेकत दारापर्यंत जातात आणि फुले निवडतात. मी माझ्या जुन्या कामावर परतले आहे.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाला अशी बाटली लागली, तर तिच्या चाकाला हात लावू नका. आणि चुकून लागलाच, तर डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगून टाका. मला सांगता येत नाही. तुम्हाला येते.

परवा पुण्याचे एक यजमान अभिषेकाला बसले होते. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिले. गुरुजींचा हात माझ्या दिशेने उठला आणि तसाच थांबला. त्यांनी दाराकडे पाहिले. काकू फुलांतून मान वर न करता म्हणाल्या, "पडू द्या."

गुरुजींनी हात मागे घेतला.