चार जाड तारा आणि धाकट्याची मिशी

माझ्या धाकट्याला एक वाईट खोड आहे. बोलायचं झालं की पाठ फिरवतो. नळाखाली भांडी विसळताना बोलेल, बुटाची नाडी बांधताना बोलेल, दाराला कुलूप लावताना तर हमखास बोलेल. माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं एवढी साधी रीत त्याला बावन्न वर्षांत जमली नाही. त्यात दोन वर्षांपासून मिशी वाढवलीय. मिशी कसली, नाकाखाली केरसुणी बांधलीय. वरचा ओठ पार दिसेनासा झालाय. शंभरदा सांगितलं, काढ ती. तो हसतो, आणि हसतोही तिच्याच आत.

घरात आम्ही दोघंच. नवरा जाऊन एकोणतीस वर्षं झाली. मोठा मुलगा परमुलखात असतो, रविवारी फोन करतो. धाकट्याची बायको सहा वर्षांपूर्वी गेली. मेली नाही, गेली. जाताना दारात थांबून मला म्हणाली, "या घरात राहण्यापेक्षा भिंतीशी संसार केलेला बरा. भिंत निदान आईचं ऐकून गप्प बसत नाही." पोरगी तोंडाची फटकळ, पण उच्चार स्वच्छ. शब्द न् शब्द कळला मला.

आता लिहायलाच बसलेय तर लपवत नाही. मला ऐकू येत नाही. भांडं पडलं, दार आपटलं, तर कळतं. माणसाचं बोलणं मात्र असं येतं, जसं शेजारच्या घरात कुणी उशीत तोंड खुपसून बोलतंय.

अठ्ठावीस वर्षं मी कापडाच्या कारखान्यात मागावर उभी होते. एका छपराखाली दोनशे माग. तिथे आवाज काढून कुणी बोलत नसे, काढून उपयोगच नव्हता. ओठ हलवायचे, हात हलवायचे. सहा माग पलीकडची बाई काय म्हणते ते मी ओठांवरून वाचायची, शिव्यांसकट. मागाचं दुखणंसुद्धा कानाने नाही, तळहाताने कळायचं. चौकटीवर हात टेकला की सूत नेणारा धोटा कुठे अडखळतोय ते थेट मनगटात येई. कारखाना बंद झाला, आम्ही बाया घरी आलो. कान तिथेच राहिले.

हे मी कुणालाच सांगितलं नाही. खाष्ट म्हातारी म्हटलेलं मला चालतं. बहिरी म्हटलं की माणसं तुम्हाला सोडून शेजारच्याला विचारतात, "यांना चहा चालतो का?" तसली कीव मला नको. मोठ्याचा फोन आला की मी "बरं, बरं, तब्येत सांभाळ" एवढं म्हणते आणि फोन धाकट्याच्या हातात देते. आई तुटक झाली असं म्हणत असेल तिकडे. म्हणू दे. फोन ठेवल्यावर धाकटा काय बोलणं झालं ते सांगतो. अर्थातच, पाठ फिरवून.

धाकटा लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर एकटाच कुठल्या तरी इमारतीच्या पोटात लोंबकळत असतो. संध्याकाळी सहाला घरी. गेले तीन आठवडे मात्र सात वाजायला लागले. मी केलेला चहा गार व्हायचा. मी तो ओतून द्यायची आणि मुद्दाम त्याला दाखवून ओतून द्यायची. तरी काही सांगेना.

मग एके दिवशी त्याचा फोन टेबलावर उघडाच राहिला. त्यात गिटारचा फोटो. साधी गिटार नाही, विजेवर वाजणारी. लांब दांडा, काळं अंग, तारा चारच आणि बोटाएवढ्या जाड. बेस म्हणतात तिला. दुकानाच्या भिंतीवर टांगलेली. एकच फोटो असता तर सोडून दिलं असतं. तेरा होते.

मी ती लगेच ओळखली, कारण तशीच एक आमच्या घरात होती. हा तेव्हा बावीस वर्षांचा. मित्रांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. त्याच्या वडिलांना झटका आला, एक बाजू गेली, तेव्हा मीच म्हणाले, "घरात आजारी माणूस आहे. हा धडधडाट आजपासून बंद." त्याने हूं की चूं केलं नाही. दुसऱ्या दिवशी कोपरा रिकामा. कुणाला दिली ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. त्याच महिन्यात लिफ्टच्या कामाला लागला. त्या कोपऱ्यात पुढे मी छत्र्या ठेवायला लागले.

शनिवारी त्याला अर्धा दिवस असतो. जेवून तो बूट घालायला बसला, तशी मी फोन त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय चाललंय? रोज जायचं, बघायचं आणि हात हलवत परत यायचं? ती वस्तू आहे का स्थळ आहे? घ्यायची तर घे, नाही तर नाद सोड."

तो नाडीकडे बघून काहीतरी पुटपुटला. "काय म्हणालास?" असं विचारणं मी केव्हाच सोडलंय. दोनदा विचारलं की माणसांना संशय येतो. मी चपला पायात सरकवल्या.

"चल. मला दाखव."

दुकान दोन पायऱ्या उतरून, तळघरासारखं. जुनी वाद्यं दुरुस्त करून विकणारं. भिंतीवर गिटारी, खाली फाटक्या भात्यांच्या पेट्या, एक ट्रंपेट चेमटलेलं. दुकानदार साठीचा, जाड चष्मा, दाढीमिशी गुळगुळीत. बोलतानाही तोंड पूर्ण उघडायचा. मला तो माणूस तिथल्या तिथे आवडला.

"या मावशी, बसा." त्याने एक लाकडी स्टूल भिंतीपाशी, एका काळ्या खोक्याला टेकवून ठेवलं.

"बसायला नाही आले. आणा ती खाली."

जुनं यंत्र कसं बघायचं ते मला कुणी शिकवायला नको. मी दांडा डोळ्यासमोर धरला, एक डोळा मिटला, टोकापर्यंत नजर नेली.

"वाकलाय."

"तेवढा बाक लागतोच मावशी. तारांचा ताण असतो ना."

"बरं. हा रंग इथे का उडालाय?"

"आधीच्या मालकाचा हात टेकायचा तिथे. वीस वर्षं वाजवली त्याने."

म्हणजे वापरातली होती, अडगळीतली नव्हती. हे चांगलं. मी खालची बटणं एकेक फिरवली. तिसऱ्याला बोटाला कणी लागली.

"हे खरखरतंय."

दुकानदाराने चष्मा वर केला. "अजून वायर जोडलीच नाही मी. तुम्हाला कसं कळलं?"

"बोटं शाबूत आहेत माझी. आत कचरा बसलाय."

तो धाकट्याकडे वळला. "तीन आठवडे तू हिला कुरवाळतोयस, तुला नाही सापडलं. पुढच्या वेळी खरेदीला आईलाच पाठव." मग त्याला आतल्या खोलीतून वायर आणायला सांगितलं.

धाकटा आत गेला. दुकानदार काउंटरवर वाकला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "बरं झालं आलात. मला वाटलं होतं, तुमचा राग काही जायचा नाही."

"कसला राग?"

"तुमचा नकार आहे ना. त्याने तीनदा विचारलं म्हणे तुम्हाला. तुम्ही उत्तरच दिलं नाहीत. तिसऱ्या वेळी तर उठून बाहेर गेलात. मला म्हणाला, आईच्या मनात नाही, तर घरात आणणार नाही. नुसती बघायला येतो."

मी स्टुलावर बसले.

तीनदा. कधी? भांडी विसळताना असेल, नळ सोडून. दाराला कुलूप लावताना असेल. तिसऱ्या वेळी मी उठून गेले ती बाहेर वाळत घातलेले कपडे काढायला गेले असेन. आणि हा मागे उभा, ओले हात घेऊन, माझ्या पाठीकडून उत्तराची वाट बघत. तो बावीस वर्षांचा असताना मी तोंडाने 'नाही' म्हणाले होते. आता न बोलता म्हणते, असं वाटलं त्याला. आणखी काय काय विचारलं असेल या पोराने इतक्या वर्षांत? बायको गेली तेव्हा काही बोलला असेल का? मला वाटायचं, आमच्या घरात बोलणंच संपलं. ते संपलं नव्हतं. माझ्या पाठीशी येऊन थांबत होतं.

सोपं होतं ना, "विचार करत होते मी" असं म्हणायचं, मोठेपणाने हो म्हणायचं आणि घरी जायचं. खाष्टची खाष्ट, वर उदार. तोंडाशी आलंही होतं.

तेवढ्यात धाकटा वायर घेऊन आला. एक टोक गिटारीत, दुसरं माझ्या मागे कुठेतरी खोचलं. पट्टा गळ्यात अडकवला. मी समोरच्या ट्रंपेटाकडे बघत होते.

आणि कुणीतरी माझ्या स्टुलाला ढुसणी दिली.

"कोण आहे रे?" मी वळले. मागे कुणी नव्हतं. ते काळं खोकं होतं, स्पीकरचं. परत ढुसणी. मग सलग. लाकडातून माकडहाडात, तिथून मणक्याने वर, छातीच्या मधल्या हाडापर्यंत. मी तळहात खोक्यावर ठेवला. थांबायचं, दोन पावलं, थांबायचं, एक लांब. कुठे सुरू होतं, कुठे संपतं, सगळं कळत होतं. ओठ वाचायला नकोत, अंदाज करायला नको, उगीच मान डोलवायला नको. किती वर्षांनी कुणीतरी माझ्याशी बोलत होतं आणि मला ते पकडायला पळावं लागत नव्हतं.

धाकट्याचे डोळे मिटलेले. लिफ्टच्या ग्रीसने काळी झालेली बोटं एका तारेवरून दुसरीवर जात होती. चुकला, थांबला, परत तिथूनच घेतलं. चुकला तेही मला कळलं.

मग त्याने डोळे उघडले, माझा हात खोक्यावर बघितला आणि चेहरा पडला त्याचा. आवाजाचा त्रास होतोय म्हणून हात ठेवला असं वाटलं असणार. त्याने बटण बंद केलं. पट्टा काढला, पाठ फिरवली, काहीतरी बोलला आणि गिटार खुंटीला लावायला गेला.

मी उठले. माझा आवाज मला नीट कळत नाही, पण दुकानदार दचकला त्यावरून बऱ्यापैकी मोठा असावा.

"ठेवू नकोस ती. इकडे वळ. वळ म्हणते ना! माझ्याकडे बघ आणि नीट ऐक. तुझे वडील आजारी होते तेव्हा मी नको म्हणाले होते, हे खरं. ते माझ्या माथी. पण या वेळी मी नको म्हटलेलं नाही. तू तीनदा विचारलंस आणि मला एकदाही ऐकू आलं नाही. बहिरी आहे मी, कारखान्यापासून. तुझ्या बायकोला कळलं नाही, तुझ्या भावाला कळलं नाही, कुणाला कळू दिलं नाही. असं तोंड उघडं टाकून बघू नकोस. ही वस्तू आपल्या घरी येतेय. ते बटण यांच्याकडून साफ करून घे, आणि हे खोकंसुद्धा घ्यायचं. छत्र्या मी काढते. खोकं माझ्या पलंगाच्या पायाला टेकवून ठेवायचं, रोज संध्याकाळी वाजवायचं, आणि चुकलास तर मी सांगेन. आणि घरी जायच्या आधी कोपऱ्यावर न्हावी आहे, तिथे आपण थांबणार आहोत. आता काय म्हणत होतास ते परत म्हण. माझ्याकडे तोंड करून."