याखीन नावाचा खांब

"बाई, याखीन म्हणजे काय? आणि तुम्ही त्याच्या खालून कधीच का जात नाही?"

विचारलं एकदाचं! दीपमाला आणि साक्षी कडुनिंबामागं लपून ऐकून राहिल्या होत्या. पैज त्यांचीच. दीपमाला म्हणाली होती, "तू लई शहाणी ना अर्शिया? वक्तृत्वात पहिली, संमेलनाची निवेदिका! मग विचार की उज्वलाबाईंना. न्हाई विचारलंस तर आम्ही सांगत सुटणार, हिचं तोंड फक्त माईकवर चालतं म्हणून." मागच्या वर्षापर्यंत मी हे ऐकून घेतलं असतं. आता नाही.

भोकरच्या आमच्या शाळेत एक जुना प्रार्थना-हॉल आहे. निजामाच्या काळात कुणा गोऱ्या पाद्रीसाहेबानं बांधलेला. पुढच्या ओसरीला दोन जाडजूड खांब, वर कमान, कमानीवर ही एवढी पितळी घंटा. डाव्या खांबावर 'बवाज' कोरलंय आणि उजव्यावर 'याखीन'. शनिवारचं संमेलन याच ओसरीवर होणार होतं. मी वर, दोन खांबांच्या मधोमध. पायऱ्यांखाली सतरंज्यांवर पाचवी-सहावीची पोरं. दोन महिने मी याच चित्रावर जगत होते.

उज्वलाबाई आम्हाला इतिहास शिकवतात, रविवारी हॉलमध्ये प्रार्थनेलाही असतात. पण आत जाताना अख्ख्या इमारतीला वळसा घालून मागच्या दारानं जातात. उन्हातसुद्धा. पोरी म्हणायच्या, बाईंना खांबात भूत दिसतं.

बाईंनी चष्मा काढला. आता ओरडा बसणार, असं वाटलं. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "हिब्रू शब्द आहे तो. यरुशलेमच्या मंदिराच्या ओसरीपुढं दोन खांब होते. उजव्याचं नाव याखीन. म्हणजे 'तो स्थिर करील'. तो, म्हणजे देव."

"मग चांगलाच अर्थ आहे की! त्याला काय घाबरायचं?"

"अर्थाला नाही घाबरत गं. मी किल्लारीची. त्र्याण्णवला सात वर्षांची होते. दोन-दोन हात जाड दगडी भिंती होत्या आमच्या. सगळ्यांचा त्या भिंतींवर केवढा भरवसा. भूकंपात त्याच अंगावर आल्या." त्यांनी चष्मा पदराला पुसला. मग म्हणाल्या, "मार्चात जमीन हलली ना, तेव्हा याखीनला चीर गेली. मी हॉलच्या कमिटीला म्हटलं, इंजिनिअर बोलवा. अध्यक्ष हसले. म्हणाले, बाई, ज्याचं नावच 'स्थिर करील', त्याला काय होतंय? बाकीच्यांनीही माना डोलावल्या. वरून लिंपून घेतला, अक्षरं रंगवली. झालं."

लिंपून घेतला. लिंपला कुणी, हे मला माहीत होतं. मोहसीन मिस्त्री. माझे अब्बा. ती सोनेरी अक्षरं आमच्या अब्बांनी रंगवली, असं मी वर्गभर मिरवलं होतं.

"बाई, चीर अजून वाढून राहिली का?"

"भूकंपानंतर आमच्याकडं साहेब लोक चिरेवर काचेची पट्टी चिकटवायचे. भिंत केसभर सरकली तरी काच तुटते. मी इथं तीनदा चिकटवली, तीनदा तुटली. कमिटी म्हणते, पोरांचा चेंडू लागला."

ठीक आहे, म्हटलं. चेंडू जाणारच नाही अशा जागी चिकटवू.

याखीनच्या आतल्या अंगाला एक मोठा सूचनाफलक टांगलाय. सोमवारी शाळा सुटल्यावर आम्ही तिघींनी तो बाजूला सरकवला. मागं नव्या रंगातून बारीक रेघ वर गेलेली दिसली. प्रयोगशाळेतली काचपट्टी आणि अब्बांच्या पिशवीतलं मूठभर प्लास्टर माझ्याकडं होतं. बाकावर चढून काच रेघेवर आडवी बसवली, पेननं तारीख टाकली.

मग मला एक खोड आठवली. अब्बा कुठल्याही भिंतीला हात लावायच्या आधी थापीची मूठ ठोकून कान लावतात. भिंत भरीव असली तर आवाज टणक येतो, पोकळ असली तर ढप्प. लहानपणी आमचा तो खेळच होता. मी डोळे मिटायची आणि सांगायची. मी वर्गातून लाकडी डस्टर आणलं, याखीनवर ठोकलं.

ढप्प.

वर ठोकलं. ढप्प. हात पुरेल तितक्या उंच. ढप्प. पळत जाऊन बवाजवर ठोकलं, तिथं टण्‌. परत याखीनपाशी आले तर दीपमाला खाली उभी, आणि तिच्या केसांत पांढरी भुकटी.

"पीठ चाळून राहिलीस का माझ्या डोक्यावर?"

"मी नाही काही केलं."

आम्ही तिघींनी वर पाहिलं. कमान आणि खांब जिथं मिळतात, तिथून भुकटी अजून हळूहळू झरत होती. वारा नव्हता. साक्षी म्हणाली, "मला घरी जायचंय." पुढं कुणीच चेष्टा केली नाही.

गुरुवारी फलक सरकवला. काचेचे दोन तुकडे, दोन्ही आपापल्या जागी घट्ट चिकटलेले, मधे नखाएवढी फट. तारखेचा आकडा इकडं, महिना तिकडं.

संध्याकाळी अब्बा नळाखाली थापी धूत बसले होते. अम्मी भाकरी थापत होती. मी चप्पल न काढताच विचारलं, "अब्बा, याखीनला ठोकून पाहिलं होतं?"

"शाळेचा खांब?"

"तोच."

अब्बांचा हात थांबला. अम्मी आतून म्हणाली, "पहले हाथ धो गे, बाद में पंचायत कर."

"पाहिलं होतं का, अब्बा?"

"मिस्त्री हाय मी. ठोकल्याबगर हात लावतो का?"

"मग?"

पाणी वाहत होतं. त्यांनी नळ बंद केला नाही. "पोकळ होता. अध्यक्षांना सांगितलं मी. ते म्हणाले, प्रार्थनेची जागा, लोक उगाच घाबरतील, वरून बंद कर. नावाचा अर्थ सांगितला त्यांनी मला. मी म्हटलं, ठीक, अल्लाह मालिक. केला बंद."

"खाली पोरं बसणार आहेत. दीडशे पोरं! वर ती घंटा."

"इतकी सालं उभा हाय तो."

"काच तुटली, अब्बा. मी स्वतः लावली होती."

त्यांच्या तोंडावर भीती दिसली. तेवढ्यात अम्मी पिठाच्या हातानं बाहेर आली. "तू शाळेत बोललीस तर काय होईल, ठाऊक हाय? अध्यक्ष बाजूला राहतील. मिस्त्रीनं पोकळ खांब झाकला, एवढंच गाव बोलेल. भोकरात कोन बोलवील यांना कामाला? नक्को गे माँ. मिन्नत करती तुझी."

अम्मीचं काही चुकत नव्हतं. असंच होणार होतं. अब्बांच्या हाताची घरं आहेत या गावात, जाता-येता ते मला बोट करून दाखवतात. मला रडू आलं. पण आवाज मी पाडला नाही.

"शनिवारी मी त्या ओसरीवर उभी राहणार नाही, आणि खाली कुणाला बसूही देणार नाही," मी म्हणाले. "उद्या सकाळी शाळा भरायच्या आधी मी हेडसरांकडं जाणार. खांब पोकळ आहे, हे सांगणार. तो माझ्या अब्बांनी झाकला आणि कुणाच्या सांगण्यावरून झाकला, तेही सांगणार. तुम्ही सोबत आलात तर तुम्हीच बोला, अब्बा. नाही आलात, तरी मी जाणार आहे."